नट घडविणारा नट : मिशेल सँ-दनी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. जन्माने फ्रेंच, कर्तृत्वाने निम्मा इंग्रज, आणि आपल्याकडे नाट्यशिक्षणाच्या वर्तुळाबाहेर ज्याचे नाव क्वचितच कुणाच्या कानांवर आले असेल, अशा एका रंगकर्म्यासाठी वसंतातली एक सबंध संध्याकाळ आपण का खर्च करावी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

मिशेल सँ-दनी यांनी रंगभूमीवर कामे केली. पण थोर नट म्हणून त्यांची कीर्ती नाही. त्यांनी नाटके बसविली, त्यांतली दोन-तीन तर इंग्रजी रंगभूमीच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. परंतु प्रयोग म्हणजे पाण्यावरची रेघ. पडदा पडला की ती पुसली. त्यांचे खरे आयुष्य गेले ते नट घडविण्यात. चार देशांत पाच नाट्यशाळांच्या उभारणीला त्यांचा हात लागला. आणि येथेच आमच्या कुतूहलाचे मूळ आहे. वयाची पंचावन्न वर्षे पुरी होईपर्यंत या माणसाने ज्या ज्या संस्थेत जीव ओतला, ती प्रत्येक संस्था त्याच्या डोळ्यांदेखत बंद पडली. एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल पाच वेळा! हिशेबाच्या वहीत पाहू जाता ही एका अपयशी माणसाची कहाणी आहे. ती तशी का नाही, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

सँ-दनी यांचा जन्म १३ सप्टेंबर १८९७ रोजी पॅरिसच्या उत्तरेस असलेल्या बोव्हे या गावी झाला. त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते मामामुळे. त्यांचे मामा झाक कोपो हे मूळचे टीकाकार आणि साहित्यिक. पॅरिसच्या धंदेवाईक रंगभूमीवर त्या काळी जे चालले होते त्याचा त्यांना उबग आला होता. लोकप्रिय नटनटींचा तोरा, डोळे दिपविणारे देखावे, आणि ठरीव साच्यातली नाटके! नुसती टीका लिहून भागत नाही असे दिसताच १९१३ साली कोपोंनी स्वतःच एक लहानसे नाटकघर काढले. त्याचे नाव व्ह्यू-कोलोंबिए. पहिल्या महायुद्धानंतर ते पुन्हा उघडले तेव्हा तेथे रंगविलेले पडदे नव्हते, झुलत्या झालरी नव्हत्या. चार पायऱ्या, एक कमान आणि मोकळी रंगभूमी. तिच्यावर उभा राहणार तो नट आणि ऐकू येणार ते नाटककाराचे शब्द. बाकी सारे फाफटपसारा, अशी त्यांची श्रद्धा होती.

या मामांच्या नाटकघरात काम करावे, ही सँ-दनींची विद्यार्थिदशेपासूनची आस. मध्ये युद्ध आले. १९१६ साली त्यांना सैन्यात जावे लागले. परत आल्यावर ते मामांकडे रुजू झाले, ते नट म्हणून नव्हे, तर चिटणीस म्हणून. पत्रव्यवहार पाहावा, तिकिटांची व्यवस्था पाहावी, तालमींना हजर राहावे, हळूहळू बारीकसारीक भूमिका कराव्यात, असा हा उमेदवारीचा काळ होता. नाटकाचे घर स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत आतून पाहण्याची जी संधी त्यांना मिळाली, ती एखाद्या नामांकित नटाला मिळती ना.

कोपोंच्या ध्यानात एक गोष्ट लवकरच आली होती. रंगभूमी मोकळी करणे सोपे. नट मोकळा करणे महाकठीण. बनचुक्या नटाच्या अंगात लकबी भरलेल्या असतात. त्या काढता काढता तोही थकतो आणि तालीममास्तरही थकतो. मग नवे नटच लहानपणापासून का घडवू नयेत? म्हणून नाटकघराला जोडूनच त्यांनी शाळा काढली. या काळातली एक हकीकत प्रसिद्ध आहे. एक तरुण नटी तालमीत संकोचाने अगदी आखडून गेली होती. हात हलेनात, पाय उचलेनात. कोपोंनी आपला हातरुमाल तिच्या चेहऱ्यावर टाकला. चेहरा झाकला जाताच तिचे अंग मोकळे झाले! आपल्याला कुणी पाहत नाही, एवढी खात्री पटताच देह आपोआप बोलू लागला.

हातरुमालाची ही साधी गोष्ट आपण लक्षात ठेवावी, अशी आमची विनंती आहे. पुढे तिच्यातूनच मुखवट्याचे शिक्षण जन्माला आले. विद्यार्थ्याच्या तोंडावर निर्विकार भावाचा मुखवटा बांधावयाचा. आता डोळे मिचकावून, भुवया उडवून प्रेक्षकाला खूश करण्याची सोय नाही. दुःख दाखवावयाचे तर ते खांद्यांतून, पाठीतून, पावलांतून आले पाहिजे. सँ-दनी ही विद्या शिकले आणि जन्मभर शिकवीत राहिले.

१९२४ साली व्ह्यू-कोलोंबिए बंद झाले. नाव झाले होते, प्रेक्षक येत होते. पण मिळालेल्या यशाच्या चक्रात आपण जे शोधीत होतो तेच हरवत आहे, असे कोपोंना वाटू लागले होते. पॅरिसचा संसार मोडून, काही तरुण नट आणि शाळेतले विद्यार्थी बरोबर घेऊन ते बर्गंडी प्रांतात राहावयास गेले. सत्तावीस वर्षांचे सँ-दनी आपला कुटुंबकबिला घेऊन त्यांच्यामागे गेले. संस्था बंद पडण्याचा त्यांच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग.

बर्गंडी हा द्राक्षमळ्यांचा मुलूख. पेर्नां नावाच्या खेड्यात या मंडळींनी बिऱ्हाड थाटले. जुन्या नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणणे अवघड जाऊ नये. सकाळी व्यायाम आणि आवाजाची मेहनत, दुपारी मुखवटे आणि पोशाख आपल्या हातांनी तयार करणे, संध्याकाळी तालीम. मग सामान लादून गावोगाव जावयाचे आणि बाजाराच्या मंडपात किंवा चौकात खेळ करावयाचा. प्रेक्षक म्हणजे मळ्यांतले कष्टकरी. पुस्तकी नाटकाची त्यांना ओळख नव्हती. पण खरे काय आणि सोंग काय, हे त्यांना अचूक कळे. गावकऱ्यांनी कोपोंच्या नावावरूनच या पोरांना आपल्या बोलीत ‘कोपियो’ असे नाव ठेवले.

येथे सँ-दनी नट म्हणून फुलले. त्यांनी मुखवट्याच्या आधाराने ऑस्कर क्नी नावाचे एक विनोदी पात्र निर्माण केले. भाबडे, उत्साही आणि क्षणात संतापणारे असे हे पात्र होते. त्याला लिखित संहिता नव्हती. मुखवटा, जुन्या कपड्यांचे चार तुकडे आणि समोरचा प्रेक्षक यांतून ते प्रयोगागणिक वाढत गेले. एखादे पात्र नटाच्या अंगात बाहेरून कसे शिरते, याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला. पुढे शिक्षक म्हणून त्यांच्या शब्दाला जे वजन आले, ते या अनुभवामुळेच.

१९२९ साली कोपोंनी हा संचही विसर्जित केला. दुसऱ्यांदा घर मोडले. या वेळी मात्र मागे मामा नव्हते. सँ-दनींनी विखुरलेल्या सोबत्यांना एकत्र केले आणि १९३० साली नवी मंडळी उभी केली. तिचे नावच ‘पंधरांची मंडळी’. आंद्रे ओबे हे नाटककार त्यांना मिळाले, आणि त्यांनी या नटांसाठी म्हणून नाटके लिहिली. १९३१ च्या जानेवारीत पॅरिसला ओबे यांच्या ‘नोए’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. महापुराची बायबलातली कथा. तारू बांधणारा म्हातारा नोआ हा नायक. सिंह, अस्वल, वानर ही सारी जनावरे मुखवटे घातलेल्या नटांनी उभी केली. रंगभूमीवर पाण्याचा थेंब नसताना केवळ नटांच्या हालचालींतून प्रेक्षकांना पूर दिसला. त्याच साली लंडनला गेल्यावर तर या मंडळींनी तेथील जाणकारांची मने जिंकली. याच संचासाठी ओबे यांनी लिहिलेल्या लुक्रीशियाच्या शोकांतिकेवरून बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने १९४६ साली आपली प्रसिद्ध संगीतिका रचली. पण कीर्तीने पोट भरत नाही. १९३४-३५ च्या सुमारास पंधरांची मंडळीही मोडली. हा तिसरा प्रसंग.

या वेळी सँ-दनींचे वय सदतीस-अडतीस होते. हाती पैसा नाही, मायदेशात थारा नाही. परंतु लंडनमध्ये ज्या तरुण रंगकर्म्यांनी त्यांचे प्रयोग पाहिले होते, ते त्यांना विसरले नव्हते. १९३५ साली तेच ‘नोआ’ त्यांनी इंग्रजीत बसविले. नोआ झाले जॉन गिलगुड, आणि लांडग्याच्या मुखवट्याआड होता ॲलेक गिनेस नावाचा एक अननुभवी पोरगा! त्याच सुमारास त्यांनी ‘लंडन थिएटर स्टुडिओ’ ही शाळा काढली. इस्लिंग्टन भागातील एक जुनी वास्तू तिच्यासाठी घेतली. नव्या वास्तुकलेचे नामवंत प्रवर्तक मार्सेल ब्रॉयर यांनी ती शाळेला सोयीची करून दिली. जॉर्ज डिव्हाइन हा तरुण नट त्यांचा उजवा हात बनला. नट, नेपथ्यकार आणि रंगमंचामागचे कारागीर एकाच छपराखाली शिकत. पीटर उस्तिनोव येथलाच विद्यार्थी. पुढे नेपथ्यात नाव काढणारी जोसेलिन हर्बर्टही येथलीच.

सँ-दनींची तालीम घेण्याची पद्धत मात्र सर्वांना मानवेच असे नाही. ते तालमीला येत ते सगळा आराखडा वहीत मांडून. कोण कोठून येणार, कोठे बसणार, केव्हा वळणार, हे आधीच ठरलेले. कित्येक इंग्रज नटांना हा काच वाटे. पण १९३८ च्या जानेवारीत गिलगुड यांच्या नाट्यहंगामात त्यांनी चेखॉवचे ‘तीन बहिणी’ बसविले, तेव्हा या शिस्तीचे फळ सर्वांना दिसले. लंडनमध्ये तालमीला तीन-चार आठवडे मिळाले तरी पुष्कळ. सँ-दनींनी सात-आठ आठवडे घेतले. गिलगुड, पेगी ॲशक्रॉफ्ट, मायकेल रेडग्रेव्ह अशी एकाहून एक नामांकित माणसे होती. पण प्रेक्षकांना दिसले ते एक घर. त्यात राहणारी, एकमेकांच्या सवयी ठाऊक असलेली माणसे. चेखॉवचा असा प्रयोग इंग्रजी भाषेत पूर्वी झाला नव्हता, असा निर्वाळा अनेकांनी दिला. याचे बीज फार मागे पडले होते. १९२२ साली मॉस्को आर्ट थिएटर पॅरिसला आले असता स्तानिस्लाव्स्कींच्या त्या नटसंचाचे ‘चेरीची बाग’ सँ-दनींनी पाहिले होते, आणि मुखवट्यांच्या या उपासकाला वास्तव अभिनयाचे सामर्थ्य तेथे कळले होते.

त्यांना अपयश आले नाही असे मात्र समजू नये. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी शेक्सपिअरचे ‘ट्वेल्फ्थ नाइट’ केले, ते साफ पडले. आणि १९३९ साली युद्ध पेटताच स्टुडिओ बंद झाला. चौथ्यांदा.

बेचाळीस वर्षांचे सँ-दनी फ्रेंच सैन्यात हजर झाले. १९४० च्या उन्हाळ्यात डंकर्कच्या माघारीतून ते पुन्हा इंग्लंडला पोहोचले. फ्रान्स पडला होता. त्याच वेळी बीबीसीला फ्रान्समधल्या जनतेसाठी फ्रेंच कार्यक्रम चालविणारा माणूस हवा होता. ही कामगिरी सँ-दनींवर आली. मायदेशी राहिलेल्या कुटुंबीयांना झळ लागू नये म्हणून त्यांनी नाव बदलले. झाक द्युशेन या नावाने हा माणूस चार वर्षे आपल्या देशबांधवांशी बोलत राहिला. ‘फ्रेंच बोलतात फ्रेंचांशी’ असे त्या कार्यक्रमाचे नाव होते.

येथे नाटकाची विद्या कामी आली. जर्मन अमलाखाली लंडनचे रेडिओ केंद्र लावणे हा गुन्हा होता. दारे-खिडक्या बंद करून, आवाज बारीक करून लोक ऐकत. अशा श्रोत्याला लांबलचक भाषणे कशाला ऐकवावयाची? सँ-दनींनी तीन मित्रांच्या गप्पा सुरू केल्या. संवाद रचले, गाणी घातली, विडंबने केली. ऐकणाऱ्याला वाटावे, आपल्याच घरी चार माणसे बोलत बसली आहेत. २१ ऑक्टोबर १९४० रोजी चर्चिलसाहेबांनी फ्रेंच जनतेला उद्देशून फ्रेंच भाषेत भाषण केले. त्या भाषणाचा मजकूर घटविण्यात आणि साहेबांच्या उच्चारांची तालीम घेण्यात सँ-दनींचाच हात होता. ज्याने जन्मभर चेहरे झाकून देहाला बोलते केले, त्याला आता स्वतःचा चेहरा, देह आणि नाव ही सारी झाकून केवळ आवाजाने काम करावे लागले. आमच्या मते त्यांची सर्वांत मोठी भूमिका हीच. तिला पोशाख नव्हता आणि टाळ्याही नव्हत्या.

युद्ध संपले. ऑक्टोबर १९४५ मध्ये ओल्ड व्हिक मंडळीसाठी त्यांनी सोफोक्लीझचे ‘राजा ईडिपस’ बसविले. ईडिपसचे काम लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे. सत्य कळताच त्यांनी फोडलेली किंकाळी प्रेक्षक वर्षानुवर्षे विसरले नाहीत. याच संध्याकाळी ही शोकांतिका संपली की तेच ऑलिव्हिए शेरिडनच्या ‘द क्रिटिक’ या प्रहसनात हास्याची कारंजी उडवीत. प्रहसन दुसऱ्या दिग्दर्शकाचे होते. पण एकाच नटाने एका रात्रीत दोन टोके गाठावीत, ही गोष्ट सँ-दनींच्या मनातल्या नटाचे जणू प्रत्यक्ष उदाहरण होती.

काय होती त्यांची कल्पना? ती थोडक्यात सांगतो. नट खरा दिसला पाहिजे, हे सर्वांनाच मान्य. पण खरेपणा म्हणजे केवळ दिवाणखान्यातले बोलणे-चालणे नव्हे. ग्रीक शोकांतिकेतील राजा दिवाणखान्यातल्यासारखा बोलू लागला तर तो खोटा वाटतो. आणि चेखॉवचा डॉक्टर राजासारखा बोलू लागला तर तोही खोटाच. प्रत्येक नाटकाला आपली एक शैली असते, आणि ती नाटककाराच्या शब्दांच्या वळणात, लयीत दडलेली असते. नटाने ती शोधावी आणि आतल्या सच्चेपणाने भरून काढावी. नुसती शैली ही पोकळ. नुसती भावना ही मुकी. यासाठी त्यांच्या शाळेत विद्यार्थ्याला आरंभी शब्दच देत नसत. आधी निःशब्द प्रसंग, मग मुखवटा, मग आवाज, मग वाचन, आणि त्यानंतर प्राचीन शोकांतिकेपासून आजच्या नाटकापर्यंतचा प्रवास. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रंगभूमी : शैलीचा पुनःशोध’ अशा अर्थाच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी हे विचार मांडले आहेत.

ही कल्पना मोठ्या प्रमाणावर अमलात आणण्याची संधी ओल्ड व्हिकने दिली. जॉर्ज डिव्हाइन, ग्लेन बायम शॉ आणि सँ-दनी या तिघांनी मिळून नाट्यकेंद्र उभे केले. १९४७ च्या जानेवारीत शाळा सुरू झाली, तीही बॉम्बफेकीत जखमी झालेल्या ओल्ड व्हिकच्या वास्तूत. जोडीला तरुण प्रेक्षकांसाठी ‘यंग व्हिक’ नावाचा नटसंच निघाला. शाळेतून नट तयार व्हावेत, त्यांनी तरुण संचात हात साफ करावा आणि मग मुख्य रंगभूमीवर जावे, अशी ही योजना होती. जोन प्लोराइट, प्रुनेला स्केल्स या नामवंत नटी याच शाळेच्या विद्यार्थिनी.

आणि मग हिशेब आला. शाळेला खर्च होता, तरुण संचाला तोटा होता. ओल्ड व्हिकची वास्तू दुरुस्त करून पुन्हा उघडावयाची होती. तिलाही पैसा हवा होता. मुख्य रंगभूमीचा कारभार कुणी पाहावा आणि केंद्राचा अधिकार कोठवर चालावा, याचेही वाद होते. व्यवस्थापकांची बाजू आपण न्यायाने ऐकली पाहिजे. त्यांच्या हाती होता तो सार्वजनिक पैसा. महायुद्धानंतरच्या इंग्लंडात खाण्यापिण्याच्या वस्तूंवरही नियंत्रण होते. अशा वेळी ‘आधी नाटक उभे करू, शाळेचे मग पाहू’ असे कुणी म्हटले तर त्याला दुष्ट म्हणता येणार नाही. पण आधी भात खाऊ, पेरणीचे मग पाहू, असाही त्याचा अर्थ होतो! १९५१ च्या मे महिन्यात तिघांनी राजीनामे दिले. वर्तमानपत्रांतून निषेधाची पत्रे आली. उपयोग झाला नाही. १९५२ साली शाळेला कुलूप लागले.

हा पाचवा आणि सर्वांत जिव्हारी लागलेला घाव. आजवर जे बुडाले त्याला कधी मामांचा स्वभाव कारण होता, कधी गरिबी, कधी युद्ध. या वेळी शांततेचा काळ होता, विद्यार्थी होते, निकाल चांगले होते. आणि तरीही शाळा गेली.

पंचावन्नाव्या वर्षी माणूस काय करतो? बहुतेक जण आठवणी लिहावयास बसतात. सँ-दनी फ्रान्सला परतले आणि पूर्व सीमेवरील नाट्यकेंद्राचे संचालक झाले. पॅरिसबाहेरच्या गावांना चांगले नाटक मिळावे म्हणून झान लोरां या सरकारी अधिकारी बाईंनी युद्धोत्तर काळात अशी केंद्रे उभारली होती. कोल्मारला सुरू झालेले हे केंद्र स्ट्रासबूर्गला आले, आणि तेथे १९५४ साली सँ-दनींनी पुन्हा शाळा काढली. त्यांचा नटसंच आसपासच्या गावांतून फिरे. बर्गंडीचे दिवसच जणू परत आले! १९५७ साली प्रकृतीने साथ सोडली म्हणून त्यांनी ते पद सोडले. पण शाळा चालू राहिली.

पुढे कॅनडातून बोलावणे आले. त्या देशात इंग्रजी आणि फ्रेंच बोलणाऱ्यांचा भाषिक ताण जुना आहे. १९६० साली माँट्रियल येथे निघालेल्या राष्ट्रीय नाट्यशाळेत दोन्ही भाषांचे विद्यार्थी एकाच छपराखाली, पण आपापल्या भाषेत शिकू लागले. दोन्ही भाषांत आयुष्य काढलेल्या सँ-दनींचा सल्ला तिच्या पायाभरणीला लाभला. इकडे इंग्लंडात १९६१ च्या डिसेंबरात त्यांनी ‘चेरीची बाग’ बसविली. गिलगुड आणि ॲशक्रॉफ्ट हे जुने सोबती तर होतेच, आणि तरुण जुडी डेंचही होती. पुढल्या वर्षी पीटर हॉल आणि पीटर ब्रुक यांच्या बरोबरीने ते रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या संचालकांत बसले. तेथेही त्यांनी नटांसाठी अभ्यासवर्ग काढला. १९६८ साली न्यू यॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत नाट्यविभाग निघाला, त्याची आखणी जॉन हाउसमन यांच्यासह त्यांनीच केली. प्रकृती ढासळल्यामुळे प्रत्यक्ष कारभार हाउसमन यांनी पाहिला. केव्हिन क्लाइन, पॅटी लुपोन ही पहिल्या तुकडीतली मुले. ती शिकून बाहेर पडली १९७२ साली. सँ-दनी ते पाहावयास राहिले नाहीत. ३१ जुलै १९७१ रोजी लंडनला त्यांचे निधन झाले.

स्ट्रासबूर्ग, माँट्रियल आणि न्यू यॉर्क येथील या तिन्ही शाळा आजही चालू आहेत. पण आम्हांला या चालू शाळांपेक्षा बंद पडलेल्यांचीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. इस्लिंग्टनचा स्टुडिओ आणि ओल्ड व्हिकची शाळा या दोहोंत शिकविणाऱ्या जॉर्ज डिव्हाइन यांनी १९५६ साली लंडनच्या रॉयल कोर्ट नाटकघरात नवी मंडळी सुरू केली. नव्या इंग्रजी नाटकाचा ओघ तेथून वाहू लागला. तेथील नेपथ्य जोसेलिन हर्बर्ट करीत, नायिका जोन प्लोराइट होत. एक बंद स्टुडिओतली, दुसरी बंद शाळेतली. डिव्हाइन यांनी तेथे तरुण लेखकांना मुखवट्याचे धडे दिले. त्या वर्गात कीथ जॉनस्टन नावाचा तरुण होता. उत्स्फूर्त अभिनयावरील त्याचे ‘इम्प्रो’ हे पुस्तक १९७९ साली निघाले, आणि जगभरचे नाट्यविद्यार्थी ते वाचतात. कोपोंनी पॅरिसमध्ये एका बावरलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर टाकलेला तो हातरुमाल कोठून कोठे गेला, पाहा! पाच संस्था बुडाल्या. रुमाल बुडाला नाही.

यातून बोध काढावयाचा तो जपून काढला पाहिजे. ‘शाळा बंद पडल्या तरी विद्या मरत नाही’, असे म्हणून निर्धास्त होणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. विद्या तरली ती आपोआप नव्हे. एक माणूस दर वेळी उठला, विखुरलेल्या चार माणसांना त्याने गोळा केले आणि पहिल्या धड्यापासून पुन्हा आरंभ केला, म्हणून ती तरली. आणि त्याला दर वेळी कुणी ना कुणी दार उघडले. कधी एखाद्या खेड्याने आपला बाजारमंडप दिला, कधी एखाद्या नामवंत नटाने आपला हंगाम दिला, कधी एखाद्या शहराने छप्पर दिले. हे दार उघडण्याचे काम कलावंताचे नाही. ते आपणां प्रेक्षकांचे आहे. ओल्ड व्हिकची शाळा बंद झाली तेव्हा निषेधाची पत्रे पुष्कळ आली; पण ती आली राजीनामे हातावर पडल्यानंतर. शाळा चालू असताना तिच्या बाजूने बोलणारी माणसे अधिक असती, तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

उद्या आपल्यापुढे एखादी अशी संस्था उभी राहील. तिचा जमाखर्च जुळणार नाही, फळ लगेच दिसणार नाही, आणि तिचा चालक एखादा आग्रही, वहीत सारे मांडून येणारा, प्रसंगी तापट असा माणूस असेल. तिला आपण काय उत्तर देणार? आम्ही आपणांस एवढेच सुचवितो की, त्या वेळी तिच्या ताळेबंदाबरोबर तिच्या एखाद्या वर्गातही अर्धा तास बसून यावे, आणि मग मत द्यावे.